बर्नार्डचा तारा खुणेवर बसेना: नोटबुकात आकाश उघडून केलेला एक तपास

हे प्रकरण एका छोट्या अभ्यासगटाचं आहे. कॉलेजची काही मुलं, नोकरी सांभाळून आकाश बघणारे काही हौशी, पायथन सगळ्यांना कामापुरतं येणारं. ठरलं असं होतं की ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाचा कॅटलॉग आणि आकाशाचा प्रत्यक्ष फोटो, दोन्ही एकाच ज्युपिटर नोटबुकात (ब्राउझरमधली वही, जिच्या सेल नावाच्या चौकोनांत पायथन लिहून तिथेच चालवता येतं) एकावर एक ठेवायचे आणि नवीन येणाऱ्यांना शिकवायला तीच नोटबुक वापरायची. मी मदतीला होतो. काम साधं होतं, पण एका ताऱ्याने सगळं अडवून धरलं, आणि त्या ताऱ्यापायी जे काही बाहेर आलं ते इतकं कामाचं आहे की सविस्तर लिहून ठेवतोय, कारण हाच घोळ दुसऱ्या कुणाच्या नोटबुकात दुसऱ्या ताऱ्याच्या रूपाने होणारच आहे.

मांडणी

नोटबुकात आकाश बघायला एकापेक्षा जास्त पर्याय आहेत. पायडब्ल्यूडब्ल्यूटी आहे, ते वर्ल्डवाइड टेलिस्कोप नोटबुकात आणतं. मूळ वर्ल्डवाइड टेलिस्कोप २००८ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चने काढलेलं, नंतर ओपन सोर्स झालं. सूर्यमालेतून बाहेर पडत पार आकाशगंगेबाहेर जायचं, लोकांना सैर घडवायची, तर ते फार छान. आमचं काम मात्र मोजमापाचं होतं, एकाच जागेचे वेगवेगळे फोटो बदलून बदलून बघायचे होते, म्हणून आयपायअलादीन घेतलं. हे स्ट्रासबर्गच्या सीडीएस ह्या खगोलीय डेटा केंद्राचं, सिंबाड (ताऱ्याच्या नावावरून माहिती देणारा कोश) आणि विझिएआर (कॅटलॉगांचं भांडार) चालवणारी हीच मंडळी.

ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अलादीन लाइट हा ब्राउझरमध्ये चालणारा आकाशाचा नकाशा आहे, आणि आयपायअलादीन तोच नकाशा नोटबुकाच्या सेलखाली विजेट, म्हणजे हाताळता येणारी खिडकी, म्हणून आणून बसवतं. पायथनमधून सांगायचं की अमुक ताऱ्यावर जा, दृश्याची रुंदी अर्धा अंश ठेव, अमुक सर्वेक्षणाचा फोटो लाव, की ते तसं होतं. आणि उलटंही होतं, म्हणजे माउसने नकाशा ओढून दुसरीकडे नेला तर नवीन मध्यबिंदू कुठला ते पायथनला विचारता येतं, खुणांभोवती चौकट ओढून निवड केली तर निवडलेल्या ओळी टेबल म्हणून परत मिळतात. ह्या पॅकेजची खरी ताकद मला ह्या दुतर्फी संवादात दिसते. नुसता सुंदर नकाशा तर वेबसाइटवरही दिसतो, पण दिसलेल्या गोष्टीवर पुढच्याच सेलमध्ये गणित करता येणं हे वेगळंच.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवावी लागते. आकाशाची चित्रं पायथन आणत नाही, ब्राउझर आणतो. फोटो हिप्स नावाच्या पद्धतीने ठेवलेले असतात, म्हणजे अख्खं आकाश १२ मोठ्या तुकड्यांत कापलेलं, प्रत्येकाचे चार, त्या प्रत्येकाचे परत चार, असं खाली खाली. डीएसएस२ ह्या जुन्या प्लेट्सवरून केलेल्या आकाश-सर्वेक्षणाच्या रंगीत थरात हे नवव्या पातळीपर्यंत जातं, तिथे टाइल्सची संख्या ३१ लाखांवर जाते आणि एक टाइल जेमतेम ७ आर्कमिनिटांची उरते (अंशाचा साठावा भाग आर्कमिनिट, त्याचा साठावा आर्कसेकंद). आपण झूम करू तशा फक्त समोरच्या टाइल्स उतरतात, म्हणून साध्या लॅपटॉपवरही हे मख्खन चालतं. पण कर्नल, म्हणजे पायथन चालवणारा भाग, दूरच्या सर्व्हरवर असेल तर त्या सर्व्हरला इंटरनेट असून भागत नाही, आपल्या ब्राउझरला ते लागतं. गटातल्या एकाकडे नकाशा काळा दिसायचा आणि खुणा मात्र व्यवस्थित यायच्या, त्याचं कारण एवढंच होतं, त्याच्या नेटवर्कवरून चित्रं अडवली जात होती आणि टेबल कर्नलकडून येत असल्यामुळे त्याला काही धक्का लागत नव्हता.

काय दिसलं

पहिला नमुना म्हणून गटाने बर्नार्डचा तारा घेतला. निवड चांगली होती, भुजंगधारी तारकासमूहातला हा लाल बटू तारा आपल्यापासून ६ प्रकाशवर्षांच्या किंचित आत आहे, सूर्याला ह्याच्याहून जवळ फक्त अल्फा सेंटॉरीचं त्रिकूट. विजेटमध्ये ताऱ्याचं नाव टाकलं, मागे डीएसएस२ चा रंगीत फोटो लावला, अ‍ॅस्ट्रोक्वेरी ह्या पायथन पॅकेजमधून गायाच्या तिसऱ्या डेटा रिलीजमधले आजूबाजूचे तारे काढले, प्रकाशाने फार मंद असलेले गाळले आणि टेबल नकाशावर टाकलं.

शेकडो गोल खुणा आल्या आणि जवळजवळ प्रत्येक खुणेत एकेक तारा बरोब्बर मधोमध. झूम केलं तरी मधोमध. बघून सगळे खूश. मग कुणीतरी म्हणालं की ज्याच्यासाठी आलो तो कुठाय?

विजेटच्या मध्यावर अधिकची (+) खूण होती, तिथे नाव घेण्यासारखं काही नव्हतं. मध्याच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, एक ठळक तांबूस तारा होता पण त्याच्याभोवती गायाची खूण नाही. आणि मध्याच्या वर, उत्तरेला, गायाची एक खूण होती, टेबलात तिची तेजस्विता ८.२ प्रत (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा ठळक), त्या भागातल्या भल्याभल्यांहून ठळक, आणि फोटोत त्या गोलाच्या आत नुसता काळोख. म्हणजे फोटोतला तारा एकीकडे, नाव टाकल्यावर मिळालेली जागा दुसरीकडे, कॅटलॉगची खूण तिसरीकडे. तिन्ही साधारण एकाच उभ्या रेषेत, किंचित उजवीकडे झुकलेल्या. ही रेषा लक्षात ठेवा, सगळं उत्तर तिच्यातच होतं.

गटाचा पहिला अंदाज असा की विजेटमध्ये बग आहे. दुसरा अंदाज, ओळच चुकीची आहे, काढून टाकू, शिकवायच्या नोटबुकात एक वेडावाकडा बिंदू कशाला. ह्या दुसऱ्या सूचनेला मी कडाडून विरोध केला, कारण बाकी सगळे गप्प बसून एकटाच बोलणारा बिंदू काढून टाकायचा तर मग डेटा कशाला काढला.

संशयितांची चौकशी

आधी एक साधा विचार करायचा. खुणा सगळ्याच्या सगळ्या सरकल्या असतील तर दोष व्यवस्थेत आहे. एकच सरकली असेल तर कारण त्या ताऱ्यापाशी आहे. आकाशाचे थर जुळत नसले की पहिला प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर डोळ्यानेच मिळतं, एकही ओळ लिहावी लागत नाही.

तरी शिकायचं म्हणून एकेक संशयित घेतला. विषुवांश (आकाशावरचं रेखांशासारखं माप) तासांत दिला आणि सॉफ्टवेअरने अंश समजलं, असं होऊ शकतं, पण मग खुणा पंधरापट चुकून आकाशात भलतीकडेच गेल्या असत्या. विषुवांश आणि क्रांती (अक्षांशासारखं माप) ह्यांची अदलाबदल, तेच. फोटोचं प्रक्षेपण बिघडलं, तर कडेच्या खुणा जास्त आणि मधल्या कमी सरकल्या असत्या. फोटोची बारीकी कमी पडते म्हणावं तर हिप्सचा पिक्सेल तिथे ०.८ आर्कसेकंदांचा, आणि आमचा फरक आर्कमिनिटांत. तारा दुसराच असेल? तर मग फोटोतल्या त्या ठळक तांबूस ताऱ्याला गायात खूण का नाही, गायाला १८० कोटींच्या वर स्रोत सापडलेत, नवव्या-दहाव्या प्रतीचा तारा मोकळ्या जागेत सुटणं फार अवघड.

मग मी टेबल प्रॉपर मोशनच्या कॉलमवर उतरत्या क्रमाने लावायला सांगितलं. प्रॉपर मोशन म्हणजे ताऱ्याची आकाशातली स्वतःची सरक, गाया ती वर्षाला मिलीआर्कसेकंदांत देतं. बाकीच्या ताऱ्यांचे आकडे एकेरी-दुहेरी, क्वचित कुठे शंभराच्या घरात. सगळ्यात वरच्या ओळीत दहा हजारांच्या वर. सेल चालला आणि क्षणभर कुणीच काही बोललं नाही.

हा बर्नार्डचा तारा. १९१६ साली एडवर्ड बर्नार्ड ह्यांनी ह्याची ही चाल दाखवून दिली आणि तेव्हापासून आजपर्यंत माहीत असलेल्या सगळ्या ताऱ्यांत ह्याच्याइतका भरभर सरकणारा दुसरा नाही, वर्षाला जवळपास १०.४ आर्कसेकंद. त्यातले १०.३६ सरळ उत्तरेला आणि ०.८ पश्चिमेला. आता ती तीन जागांची उभी, किंचित उजवीकडे झुकलेली रेषा आठवा. नकाशात उत्तर वर आणि पश्चिम उजवीकडे असते.

थर तीन, काळ तीन

गायाच्या तिसऱ्या रिलीजमधल्या जागा २०१६.० ह्या क्षणाच्या आहेत. नाव टाकल्यावर विजेट जिथे जातं ती जागा सिंबाडकडून येते आणि ती २००० सालची असते. आणि डीएसएस२ चा फोटो म्हणजे काचेच्या प्लेट्सवर घेतलेले फोटो नंतर स्कॅन केलेले, उत्तर आकाशाचे पालोमारच्या श्मिट दुर्बिणीतून, दक्षिणेचे ऑस्ट्रेलियातल्या यूके श्मिटमधून, ते २००० च्याही आधीचे.

गणित अगदी पाटीवर करण्यासारखं आहे. समजा प्लेट १९९० ची. गायाच्या खुणेपर्यंत २६ वर्षं, गुणिले १०.४, झाले २७० आर्कसेकंद, म्हणजे साडेचार आर्कमिनिट. अर्ध्या अंशाच्या दृश्यात साडेचार आर्कमिनिट म्हणजे दिसणार नाही असं होऊच शकत नाही. त्यातले शंभरएक आर्कसेकंद मध्याच्या खाली आणि १६६ वर. खुणा, फोटो, मध्यबिंदू, तिन्ही आपापल्या जागी खरे होते. सॉफ्टवेअर खरं, कॅटलॉग खरा, फोटोही खरा, फक्त तिघं वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलत होते.

इथे गटात एक चांगला वाद झाला आणि तो बऱ्याच जणांच्या मनात असतो म्हणून मांडतो. एकीचं म्हणणं, आपण सगळं जे२००० मध्ये (२००० सालाच्या चौकटीत) काढलंय ना, मग वर्ष वेगळं कसं? तर दोन गोष्टी आहेत. एक, कुठल्या चौकटीत मोजलं, म्हणजे शून्य कुठे धरला, अक्ष कुठे धरले. दुसरी, तारा त्या जागी कधी होता. गाया आयसीआरएस चौकटीत मोजतं आणि ती चौकट जे२००० शी व्यवहारात तंतोतंत जुळते, तिथे काही अडचण नाही. पण त्या चौकटीत ताऱ्याची जागा २०१६ ची दिलेली आहे. चौकट स्थिर, तारा चालता. अ‍ॅस्ट्रोपाय ह्या खगोलशास्त्राच्या पायथन पॅकेजमध्ये एका चौकटीतून दुसरीत जाणं आणि ताऱ्याला काळात मागेपुढे नेणं ही कामं वेगवेगळ्या फंक्शनची आहेत, आणि पहिलं केलं म्हणजे दुसरं आपोआप झालं असं होत नाही.

विझिएआरवरून गाया उतरवणाऱ्यांनी अजून एक बघावं. तिथे मूळ २०१६ च्या कॉलमांसोबत सीडीएसने मोजून दिलेले २००० सालचे कॉलमही मिळतात. दोन्ही जोड्या टेबलात असल्या तर विजेटने नेमकी कुठली उचलली ते तपासायचं, नाहीतर नको असलेली जोडी आधी टेबलातून काढून टाकायची आणि मगच नकाशावर टाकायचं. मी दुसराच मार्ग घेतो, त्यात शंकेला जागा राहत नाही.

उपाय अ‍ॅस्ट्रोपायमध्ये तयार आहे. स्कायकोऑर्ड (ताऱ्याची जागा ठेवणारा ऑब्जेक्ट) बनवताना विषुवांश, क्रांती, दोन्ही दिशांची प्रॉपर मोशन, पॅरॅलॅक्सवरून (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितका सरकलेला दिसतो त्या मापावरून) अंतर आणि ऑब्सटाइम, म्हणजे ही जागा कधीची ते, म्हणून २०१६.० द्यायचं, मग अप्लाय स्पेस मोशन ह्या फंक्शनला हवं ते वर्ष सांगायचं, नवीन जागा मिळते. ऑब्सटाइम न देता ते चालत नाही आणि ते योग्यच आहे, सुरुवातीचं वर्ष माहीत नसेल तर मागे कुठून जाणार.

अख्ख्या टेबलावर हे लावताना एक खड्डा आहे. गायात मंद ताऱ्यांचं पॅरॅलॅक्स कधीकधी ऋण येतं, मोजमापातल्या अनिश्चिततेमुळे, त्यात गैर काही नाही, पण ऋण पॅरॅलॅक्सचं अंतर काढायला गेलं की अ‍ॅस्ट्रोपाय एरर देऊन थांबतं. आणि अंतर दिलंच नाही तर गणित होतं पण अंतर गृहीत धरल्याची वॉर्निंग येत राहते. आम्ही सरळ असं केलं की जिथे पॅरॅलॅक्स धन आणि भरवशाचं तिथे पूर्ण गणित, बाकी सगळीकडे साधी सरळ रेषा, म्हणजे वेग गुणिले वर्षं. इतक्या थोड्या दशकांना सरळ रेषा पुरते. खुद्द बर्नार्डचा तारा सेकंदाला ११० किलोमीटरच्या आसपास वेगाने आपल्याकडे येतोय, त्यामुळे त्याची चाल हळूहळू वाढत जाते, पण त्याचा परिणाम २६ वर्षांत अर्ध्या आर्कसेकंदाच्याही आत राहतो, प्लेटच्या एका पिक्सेलपेक्षा कमी.

वर्ष फिरवून बघणं

आता सगळ्यात मजेचा भाग, खरं तर नोटबुकाचा फायदा इथेच कळतो.

पहिली कल्पना अशी होती की आयपायविजेट्सचा स्लायडर घ्यायचा, वर्ष बदललं की नवीन जागा काढायची आणि नवीन खूण नकाशावर टाकायची. चालतं, पण प्रत्येक वेळी एक नवीन थर वर चढतो आणि थोड्याच वेळात थरांची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते. मग गटातल्या एका मुलीने फार सुंदर युक्ती काढली. खूण टाकायचीच नाही, विजेटचा मध्यबिंदूच हलवायचा. विजेटच्या टार्गेटला स्कायकोऑर्ड देता येतो, त्यामुळे स्लायडर हलला की नकाशा असा सरकतो की त्या वर्षीची अपेक्षित जागा बरोबर मध्यावरच्या अधिकखाली येते. थर एकही वाढत नाही. आपण फक्त वर्ष फिरवत राहायचं आणि तारा अधिकखाली कधी येतो ते बघायचं.

२०१६ ला अधिकची खूण रिकाम्या जागेवर. २००० ला आणखी खाली, तरी रिकामंच. मग एकेक वर्ष मागे, तारा खालून वर येताना दिसतो, म्हणजे सरकतो नकाशाच पण डोळ्याला तारा चालत आल्यासारखा वाटतो, आणि एका वर्षावर तो अधिकखाली येऊन टेकतो. अजून एक वर्ष मागे गेलं की लगेच पलीकडे सरकतो, कारण वर्षाला १० आर्कसेकंद ही चाल ह्या झूमला स्पष्ट दिसते. म्हणजे फोटो कधी काढला हे तुम्ही ताऱ्याच्या जागेवरून वाचलं! ते वर्ष कुठलं हे इथे मुद्दाम लिहीत नाही, स्वतः फिरवून काढा. आम्ही नंतर त्या भागाची डीएसएसची फिट्स फाइल (चित्र आणि हेडरमध्ये त्याची माहिती ठेवणारी) उतरवून हेडरमधली प्लेटची तारीख बघितली आणि स्लायडरचं वर्ष तिच्याशी वर्षभराच्या आत जुळलं.

हे करताना रंगीत थर मात्र सोडून दिला. रंगीत डीएसएस२ वेगवेगळ्या रंगांच्या प्लेट्स मिसळून बनतो आणि तांबडी प्लेट एका वर्षी, निळी दुसऱ्या वर्षी असं सर्रास असतं. स्थिर ताऱ्यांना काही फरक पडत नाही, पण भरभर सरकणारा तारा प्रत्येक रंगात थोडा वेगळ्या जागी उमटतो आणि मग नेमका कुठला ठिपका अधिकखाली आणायचा हेच कळत नाही. म्हणून फक्त तांबड्या प्लेटचा थर घेतला, एक प्लेट, एक तारीख. लाल बटू तांबड्यात उजळ दिसतो हा वरचा फायदा.

मग थर बदलून टूमास लावला. हे अवरक्त सर्वेक्षण १९९७ ते २००१ मध्ये झालं, आणि त्यात तिन्ही पट्टे एकाच वेळी टिपले जात, त्यामुळे रंगांची फाटाफूट नाही. हिशोबाने गायाच्या खुणेपासून तारा अडीच ते सव्वातीन आर्कमिनिटांवर सापडायला हवा, आणि त्याच पट्ट्यात सापडला. एकच विजेट, एकच मध्य, मागचा थर बदलला की तारा टुणकन वर उडी मारतो. पुस्तकात प्रॉपर मोशनची व्याख्या दहा वेळा वाचलेल्या मुलांनी हे बघितलं तेव्हा थर उलटसुलट करून पुन्हा पुन्हा बघत बसले, आणि मला वाटतं शिकवायच्या नोटबुकात हाच सेल पहिल्या पानावर हवा.

शेवटी रीजन्स पॅकेज वापरून १९५० पासून २०५० पर्यंतची ताऱ्याची वाट एका रेषेने नकाशावर काढली. पालोमारचं पहिलं सर्वेक्षण १९४९ ला सुरू झालं होतं, त्यामुळे जुन्या प्लेट्स मिळवणाऱ्याला ह्या रेषेच्या खालच्या टोकाशीही तोच तारा शोधता येतो.

कॅप्टेनचा तारा का घ्यावा लागला

बर्नार्डवर सगळं जुळलं म्हणून नोटबुक बरोबर, असं म्हणता येत नाही. गायाचा विषुवांशाच्या दिशेचा वेग आधीच क्रांतीच्या कोसाइनने गुणलेला असतो. सरळ रेषेचं गणित हाताने लिहिताना तो तसाच विषुवांशात मिळवला, कोसाइनने भागला नाही, तर चूक होते. पण बर्नार्डची क्रांती फक्त ४.७ अंश, तिथे कोसाइन ०.९९७, आणि मुळात त्याची चाल जवळजवळ सगळी उत्तरेला, म्हणजे चूक असली तरी ह्या ताऱ्यावर ती दिसणारच नाही. आणि आमच्या टेबलातल्या कितीतरी ओळी ह्या हाताने लिहिलेल्या गणितातूनच जाणार होत्या.

म्हणून कॅप्टेनचा तारा घेतला. चित्रकार तारकासमूहात, क्रांती उणे ४५ अंश, वेग वर्षाला ८.६ आर्कसेकंद, त्यातला ६.५ पूर्वेला. १९१६ पर्यंत सगळ्यात वेगवान ताऱ्याचा मान ह्याच्याकडे होता. इथे कोसाइन ०.७१, त्यामुळे भागाकार विसरलात तर २६ वर्षांत पूर्वेकडच्या १६९ पैकी ५० एक आर्कसेकंद गायब होतात आणि तारा अधिकाच्या बाजूला हटून बसतो, स्लायडर कितीही फिरवा, नेमका खाली येतच नाही. आम्ही मुद्दाम चूक घालून हे करून बघितलं. वर्ष चुकीचं असेल तर तारा त्याच्या वाटेवरच मागेपुढे असतो, गणित चुकीचं असेल तर वाटेवरून बाजूला पडतो. दोन चुका डोळ्याने वेगळ्या ओळखू येतात, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि पूर्ण गणित व सरळ रेषा दोन्ही वाटांनी काढलेली जागा ह्या ताऱ्यावर जुळली तेव्हाच ते फंक्शन नोटबुकात कायम ठेवलं. दक्षिणेला असल्यामुळे ह्याच्यासाठी पॅनस्टार्स ह्या सर्वेक्षणाचा थर मिळत नाही, तो साधारण उणे ३० अंशांपर्यंतच जातो, तिथे रिकामं दिसलं तर घाबरू नका.

किरकोळ वाटणाऱ्या पण वेळ खाणाऱ्या गोष्टी

शोधाचं वर्तुळ. सिंबाडची २००० सालची जागा घेऊन त्याभोवती एका आर्कमिनिटाच्या वर्तुळात गाया शोधलं तर बर्नार्डचा तारा सापडतच नाही, तो १६६ आर्कसेकंद पुढे गेलेला असतो. टेबल रिकामं येत नाही, शेजारचे तारे येतात, म्हणून चूक कळतही नाही. एकतर वर्तुळ मोठं ठेवा किंवा जागा आधी २०१६ ला नेऊन मग विचारा. फक्त जवळात जवळचा तारा उचलणारा कोड असेल तर तो बिनबोभाट भलत्याच ताऱ्याची माहिती आणून देतो.

विजेट आणि पायथन ह्यांच्यातला संवाद लगोलग होत नाही. एकाच सेलमध्ये मध्यबिंदू बदलून तिथेच दृश्याचं डब्ल्यूसीएस (पिक्सेल आणि आकाशातली जागा ह्यांची सांगड) वाचायला गेलं तर ते मिळत नाही, कारण ब्राउझरकडून उत्तर यायचंय. वाचणं पुढच्या सेलमध्ये ठेवा. सगळे सेल एकदम चालवले की नोटबुक मध्येच अडते आणि एकेक चालवली की नीट चालते, ह्या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि त्यावर आम्ही असं केलं की विजेटकडून वाचणारे सगळे सेल शेवटी एकत्र नेले आणि वर ठळक लिहिलं की आधी नकाशा दिसू द्या, मग इथून पुढे.

नोटबुक सेव्ह करून दुसऱ्याला पाठवली तर कर्नल न चालवता विजेट जिवंत होईल अशी आशा धरू नये. अहवालासाठी प्रत्येक थराचं चित्र वेगळी फाइल म्हणून ठेवलेलं बरं. आणि पॅकेज कर्नलच्याच एन्व्हायर्न्मेंटमध्ये टाकलंय ना हे बघा, टर्मिनलमधलं एन्व्हायर्न्मेंट वेगळं आणि नोटबुकचं वेगळं, ह्यात किती जणांची संध्याकाळ जाते ते मी बघितलंय.

नोटबुक आता कशी आहे

काढून टाकायला निघालेली ती ओळ आता नोटबुकाची नायिका आहे. प्रत्येक थर टाकण्याआधी एक छोटं फंक्शन थराचं नाव आणि काळ छापतं, गाया २०१६.०, सिंबाड २०००, टूमास १९९७ ते २००१, आणि डीएसएससमोर काळ न छापता प्लेट बघा असं येतं, कारण अख्ख्या आकाशाच्या त्या थराला एक तारीख नाहीच, शेजारच्या दोन प्लेट्समध्ये वर्षांचं अंतर असू शकतं. काळ न सांगता थर टाकायचा प्रयत्न केला तर ते फंक्शन थर टाकत नाही. थोडं कडक आहे, काहींना त्रासदायक वाटलं, मी मात्र ते तसंच ठेवायला लावलं.

पुढचं काम ६१ सिग्नी आहे. १८३८ साली बेसेल ह्यांनी अंतर मोजलेला तोच जोडतारा, वर्षाला ५ आर्कसेकंदांच्या वर सरकतो, पण तिथे दोघं एकमेकांभोवतीही फिरतात, त्यामुळे दोघांचे वेग एकसारखे नाहीत आणि सरळ रेषा किती वर्षं पुरते हा प्रश्न नव्याने सोडवावा लागणार आहे. त्यात डीएसएसमध्ये इतके तेजस्वी तारे फुगून एकमेकांत मिसळलेले दिसतात, म्हणजे अधिकची खूण नेमकी कशाच्या मध्यावर आणायची हेही आधी ठरवावं लागेल. स्लायडर तयार आहे, टेबल उतरवून ठेवलंय, ज्यांना हात घालायचाय त्यांनी जरूर घाला.